शिकारपूरच्या बाजारात अण्णा

ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की मला अळशीच्या तेलाचा वास येतो. घरात तेल नसतं, रंग नसतात. ब्रश हातात धरल्याला वीस वर्षं तरी झाली असतील. तरी दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या एखाद्या दुपारी, दोरीवरचे कपडे काढताना, तो वास येतो आणि हातातला कपडा धरून मी तशीच उभी राहते. सूनबाई म्हणते, “आई, ऊन लागलं असेल, आत या.” मी आत येते. पण तो उन्हाचा त्रास नव्हे. ती भीती आहे. माझे केस पिकले, दात गेले, आणि ती मात्र अजून त्या एका ऑक्टोबरातच राहते.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. अंबरनाथला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. माझा थोरला भाऊ, अण्णा, तिथल्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात फिटर होता. आईवडील मी लहान असतानाच गेले. अण्णानंच मला वाढवलं, शिकवलं, चित्रकलेच्या परीक्षांना बसवलं. त्याच्या आणि वहिनीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी राहायचे. कारखान्यात काय चालतं ते अण्णा घरी कधी बोलायचा नाही. तसा नियमच होता. कोणी अनोळखी माणसानं काही विचारलं तर फाटकावर कळवायचं, हाही नियम होता. वहिनी तर दारावर बोहारीण आली तरी आधी विचारायची, “कुठनं आलीस गं?”

आमच्या घरापासून चालत पाऊण तासावर कॅम्प होता. लढाईच्या काळात लष्करानं बांधलेल्या बराकी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी भरून गेल्या होत्या. सरकारनं त्या वस्तीचं नाव उल्हासनगर ठेवलं, पण आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीच्या दहा-दहा खोल्या केलेल्या. नळावर पहाटेपासून हंडे. तिथे वहिनीबरोबर कापड घ्यायला गेले असताना एका दुकानात मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं. वरून छत घातलेला लांबच लांब बाजार, छताच्या फटींतून खाली उतरलेले उन्हाचे पट्टे, त्या पट्ट्यांत नाचणारी धूळ. धूळ रंगवता येते हे मला परीक्षांच्या अभ्यासात कोणी शिकवलं नव्हतं. “किसने बनाया?” मी विचारलं. दुकानदारानं बोटानंच बराक दाखवली.

त्या बराकीत गोपालदासजी राहायचे. पन्नाशीचे, एकटे, बारीक अंगाचे. शंभरेक वर्षांपूर्वी कोणा गोऱ्या चित्रकारानं सिंधमधली शहरं हिंडून तिथल्या रस्त्यांची चित्रं काढली होती. त्यांचं छापील पुस्तक गोपालदासजींनी कराचीहून बोटीनं येताना अंथरुणाच्या वळकटीत गुंडाळून आणलं होतं. त्यातल्या चित्रांवर ते पेन्सिलीनं बारीक चौकोन आखायचे, सरस आणि सफेदा लावून ताणलेल्या मांजरपाटावर मोठे चौकोन आखायचे, आणि एकेक चौकोन हातानं उतरवून काढायचे. सिंधमधल्या हैदराबादचे रस्ते, जिथे प्रत्येक घराच्या छपरावर वारा खाली ओढून घेणारं धुराडं असायचं. कराचीचा जुना बाजार. आणि सगळ्यात जास्त मागणी असलेला शिकारपूरचा तो झाकलेला बाजार. खोलीला धड दार नाही अशी माणसं हे चित्र घेऊन जायची. चित्रावर बोट ठेवून म्हणायची, “ये हमारी गली. यहाँ मुड़ो तो हमारा मकान.” साहेबानं ते चित्र काढलं तेव्हा ह्यांचे आजोबासुद्धा पाळण्यात असतील, हे कोणी बोलायचं नाही.

मी दर रविवारी जायला लागले. ते मला तैलरंग शिकवायचे, आणि मी बदल्यात चित्रातली गर्दी भरायचे. गर्दी म्हणजे मुंगीएवढी माणसं. एक तपकिरी ठिपका, त्यावर पगडीचा पांढरा ठिपका. चेहरे कोणालाच नव्हते. पावसाळ्यात तैलरंग वाळत नाहीत, म्हणून खरं काम दसऱ्यानंतर. सकाळी निघायचं, वालधुनी नदी ओलांडायची, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं पिवळं भात, आणि कॅम्पात शिरलं की पत्र्यांवर तापलेला तो तेलाचा वास. मी फार सुखात होते. भीतीच्या आधीचे ते दिवस आठवले की वाटतं, माणसाला आपण सुखात आहोत हे कळायला काय होतं?

बराकीच्या शेवटच्या खोलीत जमना अम्मा राहायची, डोक्यावर कायम पांढरी ओढणी. चिंध्या जोडून रंगीत गोधड्या शिवायची. ते लोक तिला रल्ली म्हणत. एका रल्लीच्या बदल्यात तिनं शिकारपूरचा बाजार मागितला होता. चित्र जवळजवळ पुरं होत आलं तेव्हा ती येऊन उभी राहिली. चित्रात पुढच्या बाजूला, डावीकडे, एक दुकान होतं. त्याच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, आणि समोर कोणीच नव्हतं.

“यहाँ मेरा लछू डाल दो,” ती म्हणाली.

गोपालदासजी ब्रश पुसत राहिले. “अम्मा, जो असल में नहीं है, वो मैं नहीं डालता.”

“दुकान तो है ना? दुकान के आगे खड़ा कर दो, बस.”

ती गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. लछू तिचा एकुलता एक मुलगा. शिकारपूर सोडायच्या दिवशी दुकान बंद करून येतो म्हणून मागे राहिला, तो आलाच नाही. त्याला आता सहावं वर्ष. “एक को डाला तो सब आएँगे, टीचरबाई,” ते म्हणाले. “कल कोई बोलेगा मेरा बाप डालो, कोई बोलेगा मेरी बच्ची डालो. मैं किधर रुकूँगा?” मला वाटलं, ते कठोर आहेत.

पुढच्या रविवारी ते रंग आणायला मुंबईला गेले होते. मी एकटीच गर्दी भरत बसले होते. अम्मा आली, माझ्या शेजारी जमिनीवर टेकली, आणि काही न मागता नुसती चित्राकडे बघत राहिली. मलाच राहवलं नाही. “कैसा दिखता था?” मी विचारलं.

ती सांगायला लागली. नाक सरळ. कपाळ रुंद. मिशी बारीक. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराबाहेर बघत होती. मी बारीक ब्रश घेतला आणि फळीवर हात ठेवून उभा असलेला एक माणूस काढला, वीतभर उंचीचा. त्या चित्रातला चेहरा असलेला तो एकटा माणूस. पण सरळ नाक आणि रुंद कपाळ यांतून चेहरा होत नाही. हात अडला, आणि मग ओळखीच्या वाटेनं गेला. घरी सरावासाठी मी अण्णालाच समोर बसवायचे. जेवताना, दाढी करताना, पेपर वाचताना. शेकड्यांनी काढला असेल मी त्याला. फळीवर हात ठेवून उभा होता तो माझा अण्णा होता. मला ते कळलं होतं. पुसून टाकायला एक चिंधी पुरली असती.

अम्मा खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हां. ऐसा ही.” आणि ओलं चित्र दोन्ही हातांत आडवं धरून घेऊन गेली.

आठ दिवसांनी मी गेले तर गोपालदासजी कामाला बसलेले नव्हते. अम्मा अख्ख्या कॅम्पात ते चित्र दाखवत हिंडली होती. हा माझा लछू, कुठे पाहिलात का? तिच्याकडे मुलाचा फोटो नव्हता, कोणाकडेच नव्हता; आता हातात एक चेहरा होता. कॅम्प संपला तशी ती चित्र रल्लीत गुंडाळून अंबरनाथच्या रस्त्याला लागली होती.

“किसने डाला?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“किसका चेहरा?”

“मनाचाच,” मी म्हणाले.

“मन का कोई चेहरा नहीं होता, टीचरबाई. किसी ना किसी का होता है.” एवढंच बोलून त्यांनी पाठ फिरवली.

त्या दिवशी परत येताना पाय चालत होते, पण जमीन लागत नव्हती. ती म्हातारी अंबरनाथच्या स्टेशनवर उभी राहील, आणि कोणीतरी म्हणेल, हो, बघतो की रोज याला. मग काय होईल? सहा वर्षं वाट बघणाऱ्या आईला कोणी असं सांगितलं तर तिचं काय होईल? ती माझ्या भावाच्या गळ्यात पडेल. आणि तो तिला दूर करेल, तेव्हा? मी वाटेत दोनदा बसले. शेतात कापणी चालली होती. एक बाई विळा थांबवून म्हणाली, “पोरी, पानी देऊ का गं?” मी मान हलवली आणि उठले.

मंगळवारी अण्णा हसत घरी आला. “अगं, स्टेशनवर एक सिंधी म्हातारी चित्र घेऊन उभी असते म्हणे. आमचा एक जण सांगत होता, चित्रातला माणूस थेट माझ्यासारखा! म्हटलं, माझ्यासारखं देखणं अजून कोण आहे बाबा?” वहिनी हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. तेव्हा बोलायला हवं होतं. ताटात वरणभात होता, आणि मी तो नुसता कालवत राहिले.

पुढचे दिवस मी वर्गात फळ्याकडे तोंड करूनच उभी राहायचे. मुलींना कमळ काढायला सांगायचे. रस्त्यावर पांढरी ओढणी दिसली की गल्ली बदलायची. ऊन इतकं लख्ख असायचं की लपायला सावली नाही. भीतीला अंधार लागतो असं लोकांना का वाटतं, मला ठाऊक नाही. माझी सगळी भीती भर उन्हातली आहे.

शुक्रवारी अण्णा आला तो हसत नव्हता. स्टेशनवर कोणी सांगितलं म्हणून म्हातारी आता कारखान्याच्या फाटकावर येऊन गेली होती. पहाऱ्यावरच्या माणसानं चित्र पाहिलं. पाकिस्तानात गेलेल्या शहराचा रस्ता, आणि त्यात आपल्या कारखान्यातला कामगार उभा. त्याला ते साधं वाटलं नाही, आणि कसं वाटावं? त्यानं वर कळवलं. “उद्या सकाळी साहेबांनी बोलावलंय,” अण्णा म्हणाला. “मला काही समजत नाही. मी तिकडे कधी गेलो? माझं चित्र कोणी काढलं?” वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. नोकरी गेली तर क्वार्टर जाणार, हे तिला न सांगता कळलं होतं.

सकाळी तो अंगणात दाढी करत होता. आरसा पेरूच्या फांदीला अडकवलेला. मी मागे जाऊन उभी राहिले. “अण्णा, ते चित्र मी काढलंय,” मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यानं वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच. “म्हणजे ते खरंच माझंच तोंड आहे?”

“हो.”

मला वाटलं आता तो मारील. लहानपणी एकदाच त्यानं मला मारलं होतं, विहिरीत वाकले होते म्हणून. पण तो म्हणाला, “पाच दिवस जेवली नाहीस नीट, ते यापायी?” आणि मग, “चप्पल घाल. माझ्याबरोबर चल. जे मला सांगितलंस तेच साहेबांना सांग.”

फाटकाशी पोचलो तेव्हा पाळीचा भोंगा व्हायचा होता. माणसं जमा होत होती. आणि पहाऱ्यावरच्या माणसाशेजारी, चित्र छातीशी धरून, जमना अम्मा उभी होती. तिचे पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीनं भरलेले होते.

“तोच तो,” कोणीतरी म्हणालं. गर्दीनं आपोआप वाट केली. अण्णा पुढे झाला. मी त्याच्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत धरली होती, लहान मुलीसारखी. अम्मानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चित्राकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेच पाहिलं. कपाळ, डोळे, हनुवटी. आता ती ओरडेल, आता ती कोसळेल.

“ये मेरा लछू नहीं है,” ती शांतपणे म्हणाली.

पहारेकरी गोंधळला. “मग हे चित्र कुणाचं?”

“इसका.” तिनं अण्णाकडे बोट केलं. चार-सहा जण हसले. अण्णा हसला नाही. त्यानं खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. तिनं त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि विचारलं, “बेटा, तेरी माँ है?”

“नाही,” अण्णा म्हणाला. “लहानपणीच गेली.”

साहेबांपुढे मी सगळं सांगितलं. त्यांनी प्रश्न विचारले, लिहून घेतलं, माझ्या शाळेचं नाव लिहून घेतलं, चित्र ठेवून घेतलं, आणि अण्णाला कामावर पाठवलं. “बाई, ओळखीच्या माणसाचा चेहरा असा कुठेही घालत जाऊ नका,” ते म्हणाले. एवढ्यावर ते संपलं.

अम्मा बाहेर झाडाखाली बसली होती. आम्ही दोघी कॅम्पाच्या वाटेला लागलो. मी म्हणाले, “अम्मा, मला माफ करा. तो माझा भाऊ आहे. मला दुसरा चेहरा येईना.”

“मुझे पता था, लछू नहीं है,” ती म्हणाली.

“मग ‘ऐसा ही’ का म्हणालात?”

मग जे तिनं सांगितलं ते मी आयुष्यभर कोणाला सांगितलं नाही, आज लिहिते आहे. तिला लछूचा चेहरा आठवत नव्हता. आधी आवाज गेला, मग हळूहळू चेहरा. सरळ नाक, रुंद कपाळ, हे तिनं मनानं सांगितलं होतं. कारण आई असून ठाऊक नाही असं कसं म्हणायचं? “रोज सवेरे उठती हूँ तो सबसे पहले यही डर,” ती म्हणाली, “आज कितना बाकी है.” चित्र घेऊन ती मुलाला शोधायला निघालीच नव्हती. शिकारपूरचं जे कोणी भेटेल त्याला ती चित्र दाखवत होती, अशा आशेनं की कोणीतरी म्हणेल, नाही अम्मा, लछू असा नव्हता, असा होता.

कॅम्पात कोणी तसं म्हणालं नाही. सगळे तिला दुखवायला नको म्हणून “हां हां” म्हणाले. अंबरनाथला कळलं की शिकारपूरला त्यांच्या शेजारच्या दुकानात असलेला एक जण आता बदलापूरला असतो, पाठीवर गाठोडं घेऊन बारवी नदीकडच्या वाड्यांत कापड विकत हिंडतो. ती बदलापूरला गेली, तिथून चालत एका वाडीवर. तो यायची वाट बघत दोन दिवस एका ठाकरणीच्या ओटीवर राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ठाकरणीनं तिला तांदळाची पेज दिली, निजायला घोंगडी दिली. शेवटी तो आला. त्यानं चित्र पाहिलं आणि सरळ सांगितलं, “ये लछू नहीं. लछू की बायीं भौं कटी हुई थी, अम्मा. बचपन में फळी लगी थी, भूल गयी?”

“आणि मग?” मी विचारलं.

“मग भौं आली,” ती म्हणाली. तिला तेवढं मराठी येत होतं. तुटलेली डावी भुवई, तिच्यातून वाहणारं रक्त, त्यावर तिनं दाबलेली हळद. तेवढंच परत आलं, बाकी नाही.

“तरी फाटकावर का आलात?”

“देखने, कि किसका बेटा उठाके घूम रही हूँ.”

तिसऱ्या दिवशी अण्णा चित्र घरी घेऊन आला. ते घेऊन कॅम्पात जाताना मला पुन्हा तीच धडकी. ब्रश हातात धरवेना. गोपालदासजींनी मला पाहिलं, माझ्यासमोर रंगांची पेटी सरकवली आणि नळावर पाणी आणायला निघून गेले. अम्मा शेजारी बसली. मी पात्यानं अण्णाचा चेहरा हलक्या हातानं खरवडला. तिथे मांजरपाटाचा पांढरा ठिपका उरला.

“भौं,” ती म्हणाली. मी भुवई काढली, मधे तुटलेली.

“आँख?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. पता नहीं. नाक, पता नहीं. मी तिच्याकडे पाहिलं. ती घाबरलेली होती, माझ्याहून कितीतरी जास्त. मी ठरवलं, जे तिला ठाऊक आहे तेवढंच. छतातून येणारा उन्हाचा एक बारीक पट्टा मी त्याच्या कपाळाच्या डाव्या बाजूला आणला, भुवईवर पाडला, आणि बाकी सगळा चेहरा सावलीत ठेवला. तिनं चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. मग रडली. आवाज न करता, बराच वेळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा माझा श्वास पुरता आत गेला.

पुढच्या रविवारी मी कॅम्पात शिरले तर जमना अम्मा बराकीच्या तोंडाशीच उभी होती. सकाळपासून उभी असावी. मला लांबून पाहून ती जवळजवळ धावतच आली, माझं मनगट धरलं आणि एका दमात म्हणाली, “कान! उसका एक कान थोड़ा बाहर को था!”

मी चपला काढायच्या आधी पेटी उघडली.